शून्य, शून्य आणि तीन : सुनील छेत्रीच्या परदेशी कारकिर्दीचे प्रकरण

भारताकडून सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल करणाऱ्या सुनील छेत्रीने परदेशी क्लबांसाठी लीगचे किती सामने खेळले, याचा हिशेब एका हाताच्या बोटांवर संपतो. लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्ससाठी शून्य, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी विझार्ड्ससाठी शून्य आणि लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या ब संघासाठी तीन. ही तिन्ही प्रकरणे ऑगस्ट २००९ ते फेब्रुवारी २०१३ या साडेतीन वर्षांतली आहेत, म्हणजे छेत्रीच्या वयाच्या पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या वर्षांतली, आणि आघाडीच्या खेळाडूची उमेदीची वर्षे साधारण हीच असतात.

या आकड्यांचा अर्थ आपल्याकडे दोन ठरावीक पद्धतींनी लावला जातो. तो तिकडच्या दर्जाचा नव्हता, हा एक. आणि भारतीय म्हणून त्याला संधीच मिळाली नाही, हा दुसरा. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण तिन्ही प्रसंग एकामागून एक ठेवून पाहिले तर निराळेच चित्र दिसते. छेत्रीला अडवणारी गोष्ट प्रत्येक वेळी वेगळी होती : आधी देशाची क्रमवारी, मग संघाची खेळण्याची मांडणी आणि राष्ट्रीय संघाचे वेळापत्रक, शेवटी वय. यांतली एकही गोष्ट त्याच्या गोल करण्याच्या क्षमतेशी थेट संबंधित नव्हती, आणि तरीही प्रत्येकीने त्याच्या पदरातून एकच गोष्ट काढून घेतली, ती म्हणजे मैदानावरची मिनिटे. आघाडीपटूचे सगळे भांडवल याच मिनिटांत असते. बचावपटूला सरावात पारखता येते, गोलरक्षकाचे हात आणि पाय सरावात दिसतात. गोल करणाऱ्याची पारख मात्र सामन्यातच होते.

दिल्लीतली ती हॅट्‌ट्रिक

प्रकरणाची सुरुवात १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियममध्ये होते. आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरवले. त्यांतले तीन गोल छेत्रीचे आणि एक बायचुंग भूतियाचा. या विजयाने भारताला २०११ च्या आशिया चषकाचे थेट तिकीट मिळाले. छेत्री तोवर देशात परिचित नाव झाला होता. सैन्यातल्या वडिलांचा आणि नेपाळच्या महिला संघातून फुटबॉल खेळलेल्या आईचा हा मुलगा २००२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी मोहन बागानमध्ये दाखल झाला, २००५ पासून पंजाबच्या जेसीटीत तीन हंगाम खेळला आणि २००७ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. परदेशी क्लबांचे लक्ष त्याच्याकडे वळले ते मात्र या हॅट्‌ट्रिकनंतरच्या वर्षात.

ही हॅट्‌ट्रिक ध्यानात ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. जिच्यामुळे छेत्रीसाठी परदेशाचे दार किलकिले झाले, तिनेच मिळवून दिलेला आशिया चषक दोन वर्षांनी त्याच्या अमेरिकेतल्या मुक्कामाच्या आड आला. त्याविषयी पुढे.

लंडन : सत्तरची रेघ

ऑगस्ट २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने छेत्रीला तीन वर्षांचा करार देऊ केला. हा क्लब तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये खेळत होता. त्याच्या मालकीत लक्ष्मी मित्तल यांच्या कुटुंबाचा वीस टक्के वाटा होता आणि मित्तल यांचे जावई अमित भाटिया संचालक मंडळावर होते. त्यामुळे ही सगळी जाहिरातबाजी असल्याची कुजबुज झाली. ती खरी की खोटी हे ठरवण्याची वेळच आली नाही, कारण प्रकरण मैदानापर्यंत पोहोचलेच नाही.

युरोपीय महासंघाबाहेरच्या फुटबॉलपटूला वर्क परमिट देण्यासाठी ब्रिटनमध्ये तेव्हा दोन मुख्य अटी होत्या. खेळाडूने मागच्या दोन वर्षांत आपल्या देशाच्या स्पर्धात्मक सामन्यांपैकी किमान ७५ टक्के सामने खेळलेले असावेत, ही पहिली अट. राष्ट्रीय संघातल्या नियमित खेळाडूला ती जड नव्हती. दुसरी अट देशाची होती : फिफा क्रमवारीत त्या देशाचे दोन वर्षांचे सरासरी स्थान ७० किंवा त्याहून वर असावे. भारत तेव्हा दीडशेच्या आगेमागे होता. इतकेच नव्हे, तर भारताचे आजवरचे सर्वोत्तम स्थान ९४ वे असून ते फेब्रुवारी १९९६ मधले आहे. म्हणजे ही क्रमवारी सुरू झाल्यापासून एकाही भारतीय खेळाडूला केवळ या निकषावर इंग्लंडमध्ये खेळता आले नसते.

परमिट नाकारले गेले आणि करार कागदावरच राहिला. नियमाच्या बाजूनेही बोलता येते. क्लबांनी स्वस्तात परदेशी खेळाडू आणून स्थानिकांची जागा घेऊ नये हा त्याचा हेतू होता, आणि देशाची क्रमवारी हे त्यासाठी हाताशी असलेले एक ढोबळ माप होते. पण या मापाचा काच सर्वांत जास्त कोणाला होतो, हे पाहायला हवे. दुबळ्या देशातला सर्वोत्तम खेळाडू आपल्या एकट्याच्या बळावर देशाला ऐंशी पायऱ्या वर चढवू शकत नाही. आणि बलवान लीगमध्ये खेळल्याखेरीज त्याचा खेळ सुधारत नाही, की त्याच्या देशाचाही. मध्यंतरी इंग्लंडने ही रेघ आणखी वर नेली. २०१५ च्या नव्या नियमांत सत्तरऐवजी पन्नास हा आकडा आला.

अर्थात भूतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतल्या ‘बरी’ नावाच्या क्लबकडे गेला होता आणि तिथे लीगचे ३७ सामने खेळून त्याने तीन गोल केले होते, त्यामुळे दहा वर्षांनी आपल्यालाही जमेल असे छेत्रीला वाटले असेल तर ते गैर नव्हते. भूतियाच्या तीन गोलांची नंतर पुष्कळ टिंगल झाली. त्याच्या ३७ सामन्यांची आठवण कोणी काढत नाही, आणि या प्रकरणात तर तोच आकडा महत्त्वाचा आहे.

तो हंगाम छेत्रीने गोव्याच्या डेम्पोकडून खेळला. आर्मांडो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखालचा तो डेम्पो देशातला सर्वांत शिस्तबद्ध संघ होता, नायजेरियाचा रँटी मार्टिन्स त्याचा हुकमी गोलवीर होता, आणि २००९-१० ची आय-लीग, म्हणजे देशाची तेव्हाची अव्वल लीग, याच संघाने जिंकली. छेत्री मात्र हंगाम संपायच्या आतच निघाला.

कॅन्सस सिटी : मांडणी आणि पंचांग

मार्च २०१० मध्ये मेजर लीग सॉकरमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या अव्वल लीगमधल्या, कॅन्सस सिटी विझार्ड्सने त्याला करारबद्ध केले. हा क्लब तेव्हा संक्रमणात होता. स्वतःचे मैदान बांधून होत होते, घरचे सामने बेसबॉलच्या मैदानावर व्हायचे, आणि वर्षअखेरीस तर क्लबचे नावच बदलून स्पोर्टिंग कॅन्सस सिटी झाले. प्रशिक्षक पीटर व्हर्मिस संघाला ४-३-३ च्या, म्हणजे चार बचावपटू, तीन मध्यरक्षक आणि तीन आघाडीपटू अशा मांडणीत बसवत होते.

या मांडणीपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण माझ्या मते छेत्रीच्या परदेशी अपयशाचे फुटबॉलच्या भाषेतले जे काही स्पष्टीकरण आहे ते इथे सापडते. प्रशिक्षक बॉब हॉटन यांच्या भारतीय संघात ४-४-२ चालायचे. पुढे दोन आघाडीपटू असत आणि छेत्री त्यांतला दुसरा असे. भूतिया बचावपटूंना अंगावर घेई, चेंडू धरून ठेवी आणि छेत्री त्याच्या मागून मोकळ्या जागेत घुसे. साडेपाच फुटांच्या आसपास उंची, पहिल्या काही पावलांतला वेग, उंचीच्या मानाने कमालीचे हेडिंग आणि समोरच्याच्या चुकीचा वास येण्याची हातोटी, हे त्याचे गुण जोडीदार असताना खुलतात. ४-३-३ मध्ये मधला आघाडीपटू एकटा असतो. त्याला पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू थोपवावा लागतो; कॅन्सस सिटीकडे यासाठी सहा फुटांहून उंच असा सिएरा लिओनचा केई कमारा होता आणि नवा आलेला टील बनबरी होता. कडेला खेळायचे तर प्रत्येक वेळी बचावपटूला धावत मागे टाकण्याची आणि तितक्याच वेगाने परत येऊन बचाव करण्याची सवय हवी. छेत्री या दोन्ही साच्यांच्या मधला खेळाडू होता. भारतात हा त्याचा गुण ठरला, तिथे तीच अडचण झाली.

त्याला संधी मिळाली ती यूएस ओपन कपच्या पात्रता फेरीत कोलोरॅडो रॅपिड्सविरुद्ध, एप्रिलमध्ये. जुलैत मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून उतरला. तो सामना कॅन्सस सिटीने २-१ असा जिंकला आणि भारतातल्या वर्तमानपत्रांना त्याची छायाचित्रेही मिळाली. लीगच्या सामन्यांत मात्र त्याचे नाव एकदाही लागले नाही.

दुसरी अडचण पंचांगाची. अमेरिकेचा हंगाम तेव्हा मार्चमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत चालायचा. आशिया चषक जानेवारी २०११ मध्ये दोहा येथे होता आणि २७ वर्षांनी तिथे पोहोचलेल्या भारताने त्यासाठी दीर्घ तयारीचा घाट घातला होता. नव्या क्लबमध्ये, नव्या देशात पहिल्या हंगामात न खेळलेला खेळाडू दुसऱ्या हंगामाच्या पूर्वतयारीत स्वतःला सिद्ध करतो, हा व्यावसायिक फुटबॉलमधला नेहमीचा क्रम आहे. छेत्रीचा तो काळ भारतीय संघासोबत गेला. दोहामध्ये भारत तिन्ही सामने हरला : ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५ आणि दक्षिण कोरियाकडून १-४. भारताच्या तीन गोलांपैकी दोन छेत्रीचे होते, एक बहरीनविरुद्ध आणि एक दक्षिण कोरियाविरुद्ध पेनल्टीवर. अशा संघांविरुद्ध गोल करणारा खेळाडू कॅन्सस सिटीच्या बाकावरही बसण्याच्या लायकीचा नव्हता, असे म्हणणे मला पटत नाही. पण आशिया चषकानंतर तो तिकडे परतला नाही. त्याचा पुढचा करार कोलकात्याच्या चिराग युनायटेडशी झाला आणि त्यानंतरचा पुन्हा मोहन बागानशी.

लिस्बन : अठ्ठाविसाव्या वर्षी ब संघ

२०११ च्या डिसेंबरात दिल्लीतल्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या, स्पर्धेत सात गोल करून छेत्रीने आपले नाणे पुन्हा खणखणीत वाजवले, आणि जुलै २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबने त्याच्याशी दोन वर्षांचा करार केला. लुईश फिगो आणि क्रिस्तियानो रोनाल्डो ज्या क्लबच्या शाळेत घडले, त्या क्लबचा हिरवा-पांढरा शर्ट भारतीय खेळाडूच्या अंगावर पाहून इथे जो आनंद झाला, त्यात करारातले एक वाक्य दुर्लक्षित राहिले : तो ब संघासाठी होता.

त्याच हंगामात पोर्तुगालमध्ये मोठ्या क्लबांच्या ब संघांना दुसऱ्या श्रेणीत खेळण्याची मुभा नव्याने मिळाली होती. स्पोर्टिंगसह बेनफिका, पोर्तो, ब्रागा, गिमरायश आणि मारितिमो अशा सहा क्लबांचे ब संघ तिथे दाखल झाले. या संघांचे प्रयोजन उघड होते : अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना प्रौढांविरुद्ध खेळवून पहिल्या संघासाठी किंवा बाजारासाठी तयार करणे. स्पोर्टिंगच्या त्या ब संघात ब्रुमा, एरिक डायर, जुआंव मारियू अशी मुले होती. डायर तर त्याच नोव्हेंबरात पहिल्या संघात पोहोचला. या व्यवस्थेत ऑगस्टमध्ये अठ्ठावीस वर्षे पूर्ण करणाऱ्या आघाडीपटूला खेळवण्यात क्लबचा फायदा कोणता? त्याने गोल केले तरी त्याची विक्री-किंमत वाढणार नव्हती, आणि त्याने व्यापलेले प्रत्येक मिनिट हे एका विकाऊ मुलाच्या वाट्यातून वजा होत होते. प्रशिक्षकाच्या मनात कोणताही आकस नसला तरी हा हिशेब छेत्रीच्या विरोधातच जाणार होता.

पहिल्या संघाचा मार्गही बंदच होता. तिथे मधल्या आघाडीची जागा डच खेळाडू रिकी व्हान वोल्फ्सविंकेलकडे होती. शिवाय क्लबचे घरच पेटले होते. त्या एका हंगामात सा पिंटो, ओसियानो, बेल्जियमचे फ्रांकी व्हरकाउटरेन आणि जेजुआल्डू फेरेरा असे चार प्रशिक्षक झाले, आणि क्लबने लीगमध्ये सातवे, म्हणजे आपल्या इतिहासातले सर्वांत खालचे स्थान गाठले. यांतले ओसियानो हे मुळात ब संघाचेच प्रशिक्षक. त्यांना वर बोलावल्यामुळे ब संघालाही हंगामाच्या सुरुवातीलाच नवा माणूस मिळाला. ज्या प्रशिक्षकाच्या कारकिर्दीत आपण आलो तो गेला की नवख्या परदेशी खेळाडूचा वशिलाही जातो, हे फुटबॉलमध्ये कोणालाही सांगावे लागत नाही.

आणि इथेही पंचांग आडवे आलेच. पोर्तुगालचा हंगाम ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाला. २२ ऑगस्ट ते २ सप्टेंबर या काळात दिल्लीत नेहरू चषक होता, आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी जगभर राखून ठेवलेल्या तारखांच्या बाहेर. छेत्री भारताचा कर्णधार होता. तो आला, खेळला, अंतिम सामन्यात कॅमेरूनच्या संघाविरुद्ध गोल केला आणि भारताने पेनल्टींवर चषक जिंकला. देशासाठी ही चांगलीच गोष्ट झाली. पण नव्या क्लबमध्ये संघ बसवण्याचे जे पहिले दोन-तीन आठवडे असतात, ते त्याने तिथे नव्हे तर दिल्लीत घालवले. या निर्णयाबद्दल मी त्याला दोष देणार नाही, कर्णधाराने दुसरे काही केले असते तर आपणच त्याला फाडून खाल्ले असते; परंतु या निर्णयाची किंमत होती आणि ती कोणी भरली हेही नोंदवले पाहिजे.

फ्रेआमुंदेविरुद्ध शेवटच्या पाच-एक मिनिटांसाठी बदली म्हणून पदार्पण, आणि एकूण तीन सामने, इतकाच लिस्बनचा जमाखर्च. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्पोर्टिंगने त्याला उसनवारीवर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे पाठवले. तीन महिन्यांत चर्चिलने आय-लीग जिंकली. परदेशवारीच्या आधी डेम्पो आणि नंतर चर्चिल, दोन्ही वेळा विजेता संघ गोव्याचाच, हा निव्वळ योगायोग. पण त्या काळी देशाच्या फुटबॉलचा तराजू कोणत्या बाजूला झुकला होता हेही त्यातून दिसते.

दर्जाचा प्रश्न

मग तो तिकडच्या दर्जाचा होता की नव्हता? हा प्रश्न टाळून हे प्रकरण पुरे होणार नाही. माझे मत असे आहे की क्वीन्स पार्क रेंजर्सच्या पहिल्या अकरांत तो २००९ मध्ये बसला नसता. चॅम्पियनशिपमध्ये ४६ सामन्यांचा हंगाम असतो, आठवड्याला दोन सामने, चिखल, वारा आणि हवेतल्या चेंडूवर अंगाला अंग भिडवणारे बचावपटू. आय-लीगमध्ये वाढलेल्या खेळाडूला याची सवय होण्यासाठी किमान एक वर्ष लागले असते. त्याच्या शिक्षणातली उणीवही खरी होती. क्लबच्या शाळेत दहाव्या वर्षापासून चेंडू कसा घ्यावा, कोणत्या पायावर घ्यावा, कधी सोडावा हे गिरवण्याची सोय त्याला नव्हती. त्याने ते पंचविशीनंतर, प्रामुख्याने स्वतःच्या हट्टाने शिकून घेतले. मेजर लीग सॉकरमध्ये किंवा पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एखाद्या साध्या क्लबमध्ये मात्र तो दोन हंगाम खेळत राहिला असता, असे वाटण्यास त्याचे आंतरराष्ट्रीय गोल पुरेसा आधार देतात.

इथेच निवडीची चूक दिसते. तिन्ही वेळा क्लबचे नाव मोठे होते आणि भूमिका लहान किंवा अस्पष्ट. फ्रेआमुंदेच्या विरुद्ध पाच मिनिटे खेळण्याऐवजी फ्रेआमुंदेसारख्याच क्लबकडून तीस सामने खेळणे त्याच्या हिताचे होते, पण अशा क्लबचे नाव भारतात कोणी ऐकलेले नसते, आणि अशा क्लबला भारतीय खेळाडूचे नाव. याच्याशी ताडून पाहण्याजोगे उदाहरण गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूचे आहे. तो २०१४ मध्ये, बाविसाव्या वर्षी, नॉर्वेच्या स्टाबेक या लहानशा क्लबकडे गेला, बराच काळ दुसरा गोलरक्षक म्हणून थांबला आणि २०१६ मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला. जागा वेगळी, वय वेगळे, त्यामुळे तुलना पूर्ण लागू होत नाही. तरी क्लब लहान आणि कालावधी लांब हा फरक डोळ्यात भरतो.

आणखी एक गोष्ट आकड्यांतच आहे. २००८ च्या मध्यापासून फेब्रुवारी २०१३ पर्यंत छेत्री ईस्ट बंगाल, डेम्पो, कॅन्सस सिटी, चिराग, मोहन बागान, स्पोर्टिंग आणि चर्चिल अशा सात क्लबांत फिरला. एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली सलग दोन हंगाम, ही अगदी मूलभूत गोष्ट त्याला या पाच वर्षांत मिळाली नाही. ती मिळाली बंगळुरू एफसीमध्ये. जुलै २०१३ मध्ये हा क्लब नव्याने स्थापन झाला, ॲश्ले वेस्टवूड हे त्याचे प्रशिक्षक होते आणि पहिल्याच हंगामात त्याने आय-लीग जिंकली. मधले इंडियन सुपर लीगचे दोन हंगाम, २०१५ आणि २०१६, छेत्रीने मुंबई सिटीकडून खेळले. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्याने या स्पर्धेतली भारतीय खेळाडूची पहिली हॅट्‌ट्रिक केली. तिशी ओलांडल्यावरचा छेत्री आहार, झोप आणि सराव यांच्या काटेकोरपणासाठी ओळखला गेला. पंचविसाव्या वर्षी लंडन आणि कॅन्ससची दारे ठोठावणाऱ्या छेत्रीपेक्षा तो किती तरी अधिक घडलेला खेळाडू होता. पण परदेशी क्लब तिशीतल्या, तेही भारतीय, आघाडीपटूसाठी पैसे मोजत नाहीत, आणि त्यानेही पुन्हा तो प्रयत्न केला नाही.

१० जून २०१८ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनावर इंटरकॉन्टिनेंटल चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने केनियाविरुद्ध दोन गोल केले. त्या रात्री त्याचे आंतरराष्ट्रीय गोल ६४ झाले, लिओनेल मेस्सीच्या तेव्हाच्या आकड्याइतके. त्या महिन्यातल्या फिफा क्रमवारीत भारत ९७ वा होता.